श्वास आणि श्रवण : अपुऱ्या दिवसांच्या मुलांची कथा

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत आष्टा हें आमचें गांव वसलें आहे. आज तें सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यांत आहे. १९४९ सालापूर्वीं तें सातारा जिल्ह्यांत मोडत असे. तेथील जुन्या घरांत बाळंतिणीची खोली ठरलेली असे. ठेंगणें दार, नांवाला खिडकी, बाजेखालीं शेगडी आणि ओव्या-शेपांच्या धुरीचा वास. मूल उपजतांच रडलें, तर बाहेर ओसरीवर बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यांत पडे. पण कधीं कधीं रडणें ऐकूं येत नसे. त्याऐवजीं काशाच्या थाळीवर कांहीं तरी आपटल्याचा आवाज येई. सुईण मुलाच्या कानाशीं थाळी वाजवीत आहे हें सर्वांस कळे, आणि सारें घर श्वास रोखून त्या आवाजाकडे कान लावून बसे. थाळी थांबून त्या जागीं क्षीण कां होईना रडणें उमटलें, म्हणजे म्हाताऱ्या बायका देवघराकडे पाहून हात जोडीत.

थाळी कानाशीं वाजवावयाची, आणि वाट पाहावयाची ती श्वासाची. आज मला आपणांशीं याच दोन गोष्टींविषयीं बोलावयाचें आहे. दिवस भरण्यापूर्वींच जन्मास येणाऱ्या मुलांना श्वास देण्याची विद्या माणसानें कशी मिळविली, ती मिळवितांना त्या मुलांच्या कानांचा विसर कसा पडला, आणि पुढें ती चूक ध्यानांत कशी आली, अशी ही सुमारें दीडशें वर्षांची कथा आहे.

थाळीची चाल अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारीं नेण्याचें कारण नाहीं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, नुकत्याच जन्मलेल्या मुलाविषयीं जें सांगितलें आहे तें याच जातीचें आहे. मुलाच्या कानांच्या मुळाशीं दोन दगड एकमेकांवर आपटावे, तोंडावर थंड किंवा ऊन पाणी शिंपडावें, आणि तरीहि हालचाल दिसली नाहीं, तर प्राण परत येईपर्यंत सुपानें वारा घालीत राहावें, असा तो विधि आहे. श्वासाला जागें करावयाचें तर कानाच्या दारानें हांक मारावी, हा विचार आपल्याकडे असा फार जुना आहे.

परंतु हांकेलाहि मर्यादा आहे. पुऱ्या दिवसांचें मूल बाळंतपणाच्या क्लेशानें गुदमरलें असेल, तर अंग चोळल्यानें किंवा पाण्याच्या शिपक्यानें तें एखादे वेळीं चेततें. ज्याचीं फुप्फुसेंच अजून तयार झालेलीं नाहींत, तें मूल काय करणार? त्याच्यापर्यंत हांक पोंचते. ओ देण्याची शक्ति त्याच्यापाशीं नसते. अशा मुलांविषयीं घरोघर एक समजूत असे कीं, सातव्याचें जगतें, पण आठव्याचें जगत नाहीं. ही समजूत खरी नव्हे. आईच्या पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरांत बळच घालतो. पण समजुतीच्या मुळाशीं असलेली हतबलता मात्र खरी होती. मूल जगलें तर दैव, गेलें तर दैव, यापुढें कोणास कांहीं करतां येत नव्हतें.

या दैवाशीं पहिला झगडा झाला तो उबेच्या बाबतींत. पॅरिसमधील प्रसूतिगृहाचे वैद्य स्तेफान तार्निए यांनीं तेथील प्राणिसंग्रहालयांत कोंबडीचीं अंडीं उबविण्याची पेटी पाहिली, आणि तशीच पेटी लहानग्या मुलांसाठीं कां करूं नये, असें त्यांच्या मनांत आलें. १८८० च्या सुमारास अशी पेटी त्यांच्या प्रसूतिगृहांत आली. तीत खालीं ऊन पाणी आणि वर मूल, अशी साधी रचना होती. तेथें दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या शंभर मुलांपैकीं पूर्वीं सहासष्ट दगावत असत; पेटी आल्यावर तो आंकडा अडतिसावर आला. तार्निए यांचे शिष्य प्येर ब्युदें यांनीं पुढें आणखी एक गोष्ट ओळखली. पेटी मुलाला ऊब देते, पण आईला दूर करते. आणि दूर राहिलेल्या आईचें दूध आटतें, मायाहि आटते. म्हणून आईला पेटीपाशीं आणून बसवा, असें ते सांगत.

त्याच सुमारास, १८९४ सालीं, आमच्या आष्ट्यापासून फार दूर नसलेल्या मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांचें मिशन इस्पितळ उभें राहिलें, आणि दक्षिण महाराष्ट्रांतील रोग्यांची रीघ तिकडे लागली. पण तुम्ही मिरजेस जा किंवा पॅरिसला जा; अपुऱ्या दिवसांच्या मुलासाठीं कापूस, ऊब आणि थेंब थेंब दूध यांपलीकडे त्या काळीं कोणापाशींहि फारसें कांहीं नव्हतें. अमेरिकेंत तर मार्टिन कूनी नांवाच्या गृहस्थानें अशा मुलांच्या पेट्या जत्रेंत मांडल्या. १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें लोक तिकीट काढून तीं मुलें पाहावयास जात, आणि त्या पैशांतून त्यांची शुश्रूषा होई. आज ऐकून अंगावर कांटा येतो. पण त्या मुलांस घेणारें दुसरें दार त्या वेळीं क्वचितच उघडें होतें.

ऊब मिळाली, दूध मिळालें, तरी पुष्कळ मुलें पहिल्या दोनतीन दिवसांतच दगावत. छाती आंत ओढली जाई, नाकपुड्या फुलत, अंग निळें पडे, आणि दर श्वासाबरोबर कण्हण्याचा बारीक आवाज येई. याचें कारण काय? साबणाचा फुगा लहान लहान होत गेला, कीं तो मिटावयास पाहतो, हें मुलांना खेळतांना दिसतें. फुप्फुसांतील वायुकोश असेच सूक्ष्म व ओले फुगे आहेत. ते मिटून जाऊं नयेत म्हणून शरीर त्यांच्या आंतल्या बाजूस एक स्निग्ध द्रव्याचा लेप देतें. त्यास डॉक्टर सर्फॅक्टंट म्हणतात. हा लेप पोटांतील मुलाच्या फुप्फुसांत सुमारें चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊं लागतो, आणि पुरेसा होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्यापूर्वीं जन्मलेल्या मुलाला दर श्वास हा पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा असतो. कारण उघडलेला कोश प्रत्येक वेळीं पुन्हां मिटतो.

स्वित्झर्लंडमध्यें कुर्ट फॉन नीरगार्ड यांनीं १९२९ सालींच या रहस्याच्या दाराशीं हात लावला होता. पण त्यांच्या लेखाकडे कोणी पाहिलें नाहीं. १९५९ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनीं या आजारानें गेलेल्या मुलांच्या फुप्फुसांत तो लेपच नसतो, हें दाखवून दिलें. कारण कळलें; उपाय मात्र हातीं आला नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपांच आठवडे आधीं जन्मला होता. त्या संपन्न राष्ट्राची सारी वैद्यकविद्या हात जोडून उभी असतांनाहि तो एकोणचाळीस तासांत गेला. आष्ट्याच्या ओसरीवरील बापाची आणि अमेरिकेच्या अध्यक्षाची असहायता त्या दिवशीं एकाच मापाची होती.

या मुलाच्या मृत्यूनें संशोधनास जोर चढला. पुढची पायरी ज्या गोष्टीनें सांपडली, ती ऐकण्यासारखी आहे. हीं मुलें कण्हतात, तें दुःखानें कण्हत नाहींत. श्वास सोडतांना तीं गळा अर्धवट मिटून घेतात, म्हणजे आंत थोडी हवा कोंडून राहते आणि वायुकोश मिटत नाहींत. तो आवाज म्हणजे मुलानें स्वतःच शोधलेला उपचार होता! १९७१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जॉर्ज ग्रेगरी व त्यांचे सहकारी यांनीं त्याचेंच अनुकरण केलें आणि बाहेरून सतत थोडा दाब देऊन फुप्फुसें उघडीं ठेवलीं. वीस मुलांवर हा प्रयोग झाला. त्यांतील सोळा वांचलीं. याच उपचारास आतां सर्वत्र सी-पॅप म्हणतात. त्याची अगदीं साधी तऱ्हा अशी कीं, नाकांतून हवा द्यावयाची आणि बाहेर येणाऱ्या नळीचें टोंक पाण्यांत ठराविक खोल बुडवून ठेवावयाचें. पाणी जितकें खोल तितका दाब अधिक. आणि बुडबुडे येत आहेत तोंपर्यंत यंत्र चालूं आहे असें समजावें. लहान गांवच्या रुग्णालयालाहि परवडावी अशी ही युक्ति आहे. न्यूझीलंडमध्यें लिगिन्स आणि हॉवी यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, मूल लौकर जन्मेल असें वाटतांच आईला स्टेरॉइडचें इंजेक्शन दिलें तर मुलाचीं फुप्फुसें लौकर पक्व होतात. १९८० सालीं जपानांत फुजिवारा यांनीं गाईच्या फुप्फुसांतून काढलेला लेपच मुलांच्या श्वासनलिकेंत सोडून दाखविला. सारांश, शंभर वर्षांत माणसानें त्या ठेंगण्या दाराआडच्या मृत्यूला पुष्कळ मागें हटविलें.

परंतु, श्रोतेहो, या विजयाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून ही कथा पुरी होत नाहीं.

१९४० नंतरच्या दशकांत प्राणवायु स्वस्त व मुबलक झाला, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांना तो सढळ हातानें दिला जाऊं लागला. मुलें गुलाबी दिसत. डॉक्टर व आईबाप संतुष्ट होत. त्याच काळांत अशा मुलांत एका नव्या अंधत्वाची सांथ पसरली. थिओडोर टेरी यांनीं १९४२ सालीं तिचें वर्णन केलें; १९५१ सालीं मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनीं बोट ठेवलें तें प्राणवायूवरच; आणि पुढच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेंतील मोठ्या तुलनात्मक प्रयोगानें तो आरोप सिद्ध झाला. तोंवर जगांत सुमारें दहा हजार मुलांची दृष्टि गेली होती. जें औषध श्वास देतें तेंच डोळे नेऊं शकतें, हा धडा फार महागांत मिळाला.

डोळ्यांचें दुःख लौकर उघड झालें, कारण आंधळें मूल दिसतें. बहिरें मूल दिसत नाहीं. पाळण्यांतील बहिरें बाळ हंसतें, हुंकारतें, पहिले कांहीं महिने इतर मुलांसारखेच आवाज काढतें. आमच्याच नात्यांत एक मुलगी सातव्या महिन्यांत जन्मली. एका रुग्णालयांत ती महिन्याहून अधिक काळ पेटींत होती. कांहीं दिवस श्वासाच्या यंत्रावरहि होती. ती वांचली तेव्हां आष्ट्याच्या घरीं पेढे वाटले. वडीलधाऱ्यांनीं म्हटलें, "शिर सलामत तर पगडी पचास." मुलगी चालावयास लागली, हंसरी, तरतरीत होती. बोलत नव्हती, पण "हिचा बापहि उशिरांच बोलला," असें म्हणून सर्व स्वस्थ राहिले. तिसरें वर्ष लागल्यावर एके दिवशीं तिच्या पाठीमागें पितळेचा हंडा घडघडत पडला, आणि ती वळली नाहीं. तिच्या आईनें हातांतलें काम तेथेंच टाकलें. त्या रुग्णालयानें तिचा जीव वांचविला होता, त्याबद्दल आमचें कुटुंब आजन्म ऋणी आहे. पण जातांना कान तपासून घ्या, असें कोणी सांगितलें नाहीं. आणि आम्हींहि विचारलें नाहीं. कान ही कांहीं डोक्यावरची पगडी नव्हे, एक गेली तर दुसरी बांधावयास, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें.

हें कसें घडतें, तें थोडक्यांत सांगतों. कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखें वळसेदार इंद्रिय आहे, आणि त्यांत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी आहेत. त्या जन्मभर पुरवावयाच्या असतात; एक मेली कीं तिच्या जागीं दुसरी उगवत नाहीं. पोटांतील मूल सुमारें पंचविसाव्या आठवड्यापासून आवाज ऐकूं लागतें. आईच्या काळजाचा ठोका, तिच्या आंतड्यांची गुरगुर, आणि या साऱ्यांवर तिचा बोलण्याचा सूर, हें त्याचें पहिलें जग. पाण्यांतून व मांसांतून आलेला तो आवाज मऊ असतो. वरच्या पट्टीचे तीक्ष्ण सूर वाटेंतच गळून पडतात. अशा वेळीं जें मूल बाहेर येतें, त्याच्यावर एकदम काय कोसळतें पाहा. पेटीचीं दारें आपटतात, पंखे घुमतात, धोक्याच्या घंटा वाजतात, आणि रात्र कधीं होतच नाहीं. सी-पॅपची हवा नाकांतूनच वेगानें शिरते. त्यामुळें नाकामागील पोकळींत, जेथून मध्यकर्णाकडे वाट जाते तेथें, बाहेर ऐकूं येतो त्याहून कितीतरी मोठा घोष होतो, असें मोजमापांत आढळलें आहे. मोठ्या आवाजानें दचकून मुलाचा श्वास व नाडी अडखळते आणि रक्तांतील प्राणवायु उतरतो. म्हणजे श्वास देणाऱ्या खोलींतला गोंगाटच श्वास घेऊं देत नाहीं! १९९७ सालीं अमेरिकेच्या बालवैद्यक संस्थेनें अशा खोल्यांतील आवाज पंचेचाळीस डेसिबलांच्या आंत ठेवावा, असा सल्ला दिला. शांत घरांतील हलक्या बोलण्याइतका तो आवाज झाला.

परंतु दोष एकट्या आवाजाचा नव्हे. जन्मतः गुदमरल्यानें मेंदूला व कानाला प्राणवायूची चणचण पडते. अपक्व यकृतामुळें कावीळ वाढली, तर तिचें पिवळें द्रव्य श्रवणाच्या तंतूंवर बसतें. रक्तांत जंतु शिरले तर जेंटामायसिनसारखें औषध द्यावें लागतें. तें जंतु मारतें, पण प्रमाण चुकलें किंवा दिवस वाढले तर केशपेशींनाहि मारूं शकतें. म्हणून सर्वसाधारण मुलांत हजारीं एक ते तीन मुलांस जन्मतः कायमचें बहिरेपण असतें, तर अतिदक्षता विभागांतून घरीं आलेल्या मुलांत तें शेंकडा दोन ते चार असतें. भारतांत २०२० सालीं सुमारें तीस लाख मुलें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं, असा अंदाज आहे. त्या सर्वांना अतिदक्षता लागत नाहीं. पण ज्यांना लागते त्यांची संख्याहि थोडी नाहीं.

मग काय श्वासाचें यंत्र बंद करावें? जेंटामायसिन फेंकून द्यावें? असें म्हणणाऱ्यास मीं गडचिरोलीकडे बोट दाखवीन. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून त्या वनप्रदेशांत काम केलें. फुप्फुसाचा दाह ओळखावयाचा तर मुलाचे श्वास मोजावे लागतात. पण सुईणीला मोठे आंकडे येत नव्हते. तिच्यासाठीं त्यांच्या संस्थेनें मणी सरकवून श्वास मोजण्याचें साधें उपकरण बनविलें. १९९३ सालीं त्यांनीं एकोणचाळीस गांवांत नवजात मुलांच्या पाहणीस आरंभ केला, आणि १९९५ पासून गांवच्याच स्त्रियांना शिकवून घरोघर शुश्रूषा सुरू केली. न रडणाऱ्या मुलाला त्या स्त्रियांनीं नळी व मुखवटा, आणि पुढें पिशवी व मुखवटा, यांनीं श्वास दिला; आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचें इंजेक्शन वजनाप्रमाणें मोजून दिलें. हजार जन्मांमागें जेथें पहिल्या महिन्यांत बासष्ट मुलें जात, तेथें तिसऱ्या वर्षाअखेर साडेपंचवीसच जाऊं लागलीं. १९९९ च्या डिसेंबरांत हा वृत्तांत लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आला, आणि २०११ सालीं भारत सरकारनें याच वाटेनें आशा कार्यकर्तींकडे नवजाताच्या घरभेटी सोंपविल्या. थाळी वाजविणाऱ्या सुईणीच्या जागीं हातांत पिशवी-मुखवटा घेतलेली बाई उभी राहिली. घर तेंच, ओसरी तीच. जेथें मरण दाराशीं बसलें आहे, तेथें औषध नाकारणें हा शहाणपणा नव्हे. शहाणपणा असा कीं औषध मोजून द्यावें, आणि वांचलेल्या मुलाचा कान विसरूं नये.

कान तपासण्याची विद्याहि आतां सोपी झाली आहे. १९७८ सालीं लंडनच्या डेव्हिड केम्प यांनीं एक नवल दाखविलें. निरोगी कान आवाज ऐकतो एवढेंच नव्हे, तर उत्तरादाखल स्वतःहि अतिसूक्ष्म आवाज बाहेर टाकतो! कानांत लहानशी कुपी बसवून तो टिपतां येतो, आणि झोंपलेल्या बाळाची तपासणी कांहीं मिनिटांत होते. मात्र अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. त्यांचा शंख कधीं कधीं शाबूत असतो आणि बिघाड पुढच्या तंतूंत असतो. मग कान उत्तर देतो, पण मेंदूला निरोप पोंचत नाहीं. म्हणून अतिदक्षता विभागांत राहिलेल्या मुलाच्या डोक्यास तारा चिकटवून श्रवणाचा विद्युत्-संदेश मेंदूपर्यंत जातो कीं नाहीं, हें पाहणें आवश्यक असतें. पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, आणि सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, असा सर्वमान्य क्रम आहे. सहा महिन्यांच्या आंत ज्यांचें बहिरेपण ओळखलें गेलें त्यांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्यांच्या मानानें पुष्कळ चांगली होते, असें १९९८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. महाराष्ट्राला या कामांत मागें राहण्याचें कारण नाहीं. मुंबईंत वांद्रें येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय श्रवणसंस्था १९८३ पासून आहे. आणि बालकांचे जन्मदोष व बहिरेपण शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच पालघरहून सुरू झाला.

आतां शेवटचा प्रश्न. आवाज वाईट, तर मुलाला पूर्ण शांततेंत ठेवावें काय? तसेंहि नाहीं. अमेरिकेंत सेंट लुई येथें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, एकेकट्या शांत खोलींत ठेवलेल्या मुलांची भाषा दोन वर्षांच्या वयांत, सर्वांबरोबर ठेवलेल्या मुलांपेक्षां मागें पडलेली आढळली. कानाला गोंगाट नको, पण बोल हवा. आणि तो कोणाचा, हेंहि बाळाला ठाऊक असतें. १९८० सालीं डीकॅस्पर आणि फायफर यांनीं दाखविलें कीं, दोनतीन दिवसांचें मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षां स्वतःच्या आईचा आवाज ऐकावयास मिळावा अशा रीतीनें चोखणी चोखतें.

ब्युदें यांनीं आईला पेटीपाशीं बसविलें, त्याचा पुढचा अध्याय याच ठिकाणीं येतो. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं गर्दी, गरिबी आणि जंतुदोष यांच्याशीं झगडतांना आईच्या दुधाचा आग्रह धरला, आणि १९८९ सालीं तेथें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. कोलंबियांतील बोगोटा शहरांत पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां एडगर रे यांनीं १९७८ सालीं मुलांना आयांच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच कांगारू पद्धत. मुंबईच्या केईएम रुग्णालयांत तिचा पद्धतशीर अभ्यास झाला, तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. २०२१ सालीं भारतासह पांच देशांतील प्रयोगाचा निष्कर्ष आला कीं, जन्मानंतर लगेच, मूल स्थिरावण्याची वाट न पाहतां आईच्या छातीशीं दिलेलीं मुलें रीतसर पेटींत ठेवलेल्या मुलांपेक्षां अधिक वांचतात. आईच्या छातीशीं ऊब असते, दूध असतें, श्वासाची लय असते, आणि कान जेथें टेकतो तेथें पोटांत असतांना ऐकलेलाच ठोका असतो. यंत्रांनीं ज्या गोष्टी एकेक करून वेगळ्या केल्या, त्या तेथें एका जागीं नांदतात. यंत्राची गरज संपली असें नव्हे. पण यंत्राशेजारीं आई असलीच पाहिजे, एवढें सिद्ध झालें.

आमच्या नात्यांतील ती मुलगी आतां श्रवणयंत्र लावून शाळेंत जाते. तिचें बोलणें समजावयास थोडें लक्ष द्यावें लागतें. आम्हीं तें देतों. तिचीं गेलेलीं तीन वर्षें मात्र कोणी परत आणूं शकणार नाहीं. म्हणून शेवटीं आपणांस एवढेंच विनवितों कीं, आपल्या घरीं, शेजारीं किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या घरीं असें मूल अतिदक्षता विभागांतून येणार असेल, तर वजन, दूध आणि डोळे यांच्याबरोबर कानाच्या चांचणीचा कागद मागून घ्या. एकदां चांचणी ठीक झाली तरी बोलणें लांबल्यास पुन्हां तपासणी करा. घरीं थाळी वाजवून परीक्षा घेऊं नका. मूल आवाजानें नव्हे, तर हालणाऱ्या हातानें किंवा हवेच्या थरथरीनेंहि दचकतें, आणि आपण फसतों.

थाळीनें आपलें काम शतकानुशतकें इमानानें केलें. आतां तिला पुन्हां स्वयंपाकघरांत जाऊं द्यावें. आणि त्या मुलाच्या कानाशीं, रोज, हलक्या आवाजांत, आईनें बोलत राहावें.